पाणी उतरायच्या आत

१५ जानेवारी, रविवार. सकाळी सहा.

संकल्प. आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. निसर्गवर्णन टाळायचं.

कालव्यावर धुकं आहे. विलोच्या फांद्या पाण्यात बोटं बुडवून (निसर्गवर्णन. खोडलं.)

मुद्दा असा. मी, एगुची कियोशी, वय त्र्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, या यानागावा गावात पर्यटकांच्या बोटीवर नावाडी होणार. निर्णय झालेला आहे. मुदत २८ फेब्रुवारी. त्या दिवशी बायको, फुमिए, येते आहे.

ती नोव्हेंबरात कुमामोतोला मुलीकडे, चिहारूकडे गेली, नातीला सांभाळायला, दोन आठवड्यांसाठी. नात फार लहान असल्यामुळे आठवडे लांबले असावेत. काल फोनवर म्हणाली, अठ्ठावीसला येते, बाहुल्यांच्या माळा न्यायला, तीन मार्चला मुलींचा बाहुल्यांचा सण, त्याच्या आत टांगायला हव्यात. मी म्हटलं, म्हणजे मग राहशीलच. ती म्हणाली, बघू. 'बघू' हा शब्द फुमिए विचारपूर्वक वापरते. सेहेचाळीस वर्षांत तिने अनेक गोष्टींना 'बघू' म्हटलं आहे. त्यांपैकी बऱ्याच अजून विचाराधीन आहेत.

योजना: लग्नाच्या वर्षी ती म्हणाली होती, एकदा बोटीतून हिंडू या. गावातलं कोणी बोटीत बसत नाही, बोटी बाहेरच्यांसाठी. मी म्हटलं होतं, पुढच्या वसंतात. मध्ये शाळा आली. आता ती स्टेशनवरून येईल, मी धक्क्यावर बांबू घेऊन बोटीच्या मागच्या टोकाला उभा असेन, कविता म्हणत. ती हातातली बॅग खाली ठेवेल. कायमची.

कोणती कविता हा प्रश्नच नाही.

१६ जानेवारी.

होरिएला भेटलो. होरिए मासातो, बोट कंपनीचा मुख्य नावाडी, वय पन्नास, तिसरीत माझ्या वर्गात होता. 'वाक विलो रे' ही कविता त्याला पाठ होईना म्हणून एक अख्खा हिवाळा कॉरिडॉरमध्ये उभा होता. आज तोच माणूस चार तास सलग उभा राहून बोट हाकतो. पाया कोणी घातला, हे त्याला सांगायचं राहिलं.

होरिए म्हणाला, सर, तुम्हाला पोहता येतं का. मी म्हटलं, तिसरीच्या पुस्तकात पोहण्यावर धडा होता. तो म्हणाला, तो धडा मी वाचलाय, त्यावरून फक्त बुडता येतं. विनोदबुद्धी आहे. तेव्हा नव्हती.

शुक्रवारपासून शिकवणी. पहाटे, बोटी सुटायच्या आधी.

२० जानेवारी. सकाळी साडेसात.

पहिला धडा. बांबू तळाला टेकवायचा, अंग त्यावर टाकायचं, बोट पायाखालून पुढे जाऊ द्यायची. तत्त्व सोपं. बोट जागच्या जागी तीन वेळा गोल फिरली. होरिए म्हणाला, सर, आपल्याला पुढे जायचंय. मी म्हटलं, प्रवाशांना दोन्ही काठ दिसले पाहिजेत. त्याने बोट काठाला लावली. पटलं असावं.

सरावासाठी टेपरेकॉर्डर हवा होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत चोरीला गेला, वार्षिक साफसफाईनंतर कालव्यात पाणी पुन्हा सोडलं त्याच आठवड्यात. सोबत एक्केचाळीस कॅसेट, सगळ्या माझ्या आवाजातल्या. सकाळी म्हणून रेकॉर्ड करायचं, संध्याकाळी जेवताना लावून चुका शोधायच्या, असा वीस वर्षांचा शिरस्ता. चोराने आणखी काहीही नेलं नाही. फक्त लोणच्यावरचा, ते दाबून ठेवायचा दगड. शिपाई चौकशीला आला तेव्हा फुमिएने त्याला दोनदा चहा दिला. फार हादरली होती.

२२ जानेवारी, रविवार.

आज पाण्याची खोली प्रत्यक्ष तपासली. छातीपर्यंत. तपासणी ठरलेली नव्हती, पण उपयुक्त.

शेजारच्या उमेझाकी आजी खिडकीतून बघत होत्या. वय एक्याऐंशी, कानाला यंत्र. म्हणाल्या, मास्तर, जानेवारीत आंघोळ गरम पाण्याने करतात. मी म्हटलं, सराव चालू आहे. त्या म्हणाल्या, कसला, बदक व्हायचा?

मोजे वाळत घातले.

२९ जानेवारी, रविवार.

फुमिएला फोन. नातीसाठी कविता म्हणून दाखवली. लाइन तुटली. कुमामोतोची लाइन तिसऱ्या कडव्याला तुटते. गेल्या रविवारीही तिसऱ्याच कडव्याला. फोन कंपनीला कळवायला हवं.

बोट आज दोनशे मीटर सरळ गेली. (वारा.)

३ फेब्रुवारी.

दाणे फेकून भुतं पळवायचा दिवस. घरात एकटाच असल्यामुळे दाणे मीच फेकले, भूतही मीच झालो, मीच झाडून काढले. दरवर्षी फुमिए हसायची. कशाला हसायची ते आज आठवेना.

होरिएने फेरीवर सोबत नेलं. नऊ प्रवासी, सगळे बोटीतल्या गोधडीखाली, शेगडीला पाय लावून. पूल इतके बुटके की प्रत्येक पुलाआधी होरिए हाक देतो, डोकी खाली. मग पुलाखाली गातो, कारण तिथे आवाज घुमतो. गाणं एका ईल माशाचं, जो भातावर झोपायला जातो आणि परत उठत नाही. लोक पोट धरून हसले. हसणं म्हणजे रसास्वाद नव्हे. त्या घुमटात 'वाक विलो रे' काय वाटेल.

वाक विलो रे, वाक जरासा,
पाण्याला दे हात तुझा;
कुणी निघाले, कुणी परतले,
घाटावरती दिवा तुझा.

चाळीस पोरं एका सुरात म्हणायची. वर्गातली शेगडी, तिच्यावर वाळणारे हातमोजे, काचेवर वाफ. त्या वाफेवर कोणीतरी बोटाने बोट काढलेली असायची. कोणाची ती, मी कधी विचारलं नाही. तीन पिढ्यांना ही कविता मी दिली. डोळे भरून आले. होरिए म्हणाला, सर, धूर लागतोय का, शेगडी बदलू का.

९ फेब्रुवारी.

होरिए म्हणाला, टेस्टची तारीख तुम्हीच सांगा. मी पंचांग पाहून सोळा फेब्रुवारी सांगितली. दिवस उत्तम, वारा नाही.

होरिएने पंचांग माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाला, सर, तेराला पाण्याची दारं बंद होतात. सोळाला कालव्यात चिखल असेल.

सत्तर वर्षं दर फेब्रुवारीला हे पाणी उतरताना बघतो आहे. मी म्हटलं, चिखलावरची टेस्ट अधिक कठीण, म्हणून निवडली. तो म्हणाला, चोवीसला घेऊ, पाण्यात.

चोवीसनंतर चार दिवस राहतात. पुरेसे.

१३ फेब्रुवारी.

सकाळी दारं बंद झाली. पाणी उतरत गेलं, दगडी भिंतींवर ओल्या रेषा सोडत. आमच्या लहानपणी शाळेला सुट्टी असायची. डबक्यांत अडकलेले मासे पकडायला अख्खी शाळा चिखलात. मी काठावर उभा राहून त्यावर निबंध लिहिला होता. पहिला आला होता.

आता ज्याने त्याने आपापल्या घरामागचा तुकडा साफ करायचा. उद्यापासून. फुमिए हे काम करायची, मी काठावरून सूचना द्यायचो. या वर्षी दोन्ही बाजू माझ्याकडे.

१५ फेब्रुवारी. सकाळी अकरा.

सापडला.

टेपरेकॉर्डर सापडला. आमच्याच घरामागे, भिंतीपासून दोन पावलांवर. फावड्याला काहीतरी लागलं म्हणून उकरलं, तर कापडी गाठोडं. आत टेपरेकॉर्डर, एक्केचाळीस कॅसेट, आणि मधोमध लोणच्यावरचा दगड.

ताबडतोब तर्क बांधला. चोर मागच्या बाजूने, कालव्याच्या वाटेने पळत होता. माल जड. घाबरला. पाण्यात सोडला. दगड बरोबर का नेला असावा, त्याचा तर्क अजून लागत नाही. बहुधा शस्त्र म्हणून.

उमेझाकी आजी त्यांच्या तुकड्यात चिखल उपसत होत्या. गाठ बघून म्हणाल्या, ही जेवणाच्या डब्याला मारतात ती गाठ आहे, मास्तर. मी म्हटलं, म्हणजे चोर बाईमाणूस होता. त्या म्हणाल्या, असेल. मग म्हणाल्या, आणि कापड जांभळं, पांढऱ्या बगळ्यांचं, असं मी कुठेतरी पाहिलंय. मी म्हटलं, असं कापड गावात पन्नास घरांत असेल. आजींनी कानातलं यंत्र काढलं आणि पुन्हा चिखल उपसायला लागल्या.

असं कापड आमच्याही घरात होतं. म्हणजे चोराने तेही आमच्याकडूनच घेतलं. सराईत.

१६ फेब्रुवारी.

कॅसेट धुऊन उन्हात मांडल्या, अंगणभर. फिती बाहेर आल्या आहेत. वाऱ्यावर हलतात तेव्हा लांबून विलोसारख्या दिसतात.

एकही वाजत नाही.

पोलीस चौकीत जाऊन आलो. शिपाई म्हणाला, माल मिळाला, मग केस बंद करू. मी म्हटलं, चोर मोकळा आहे. त्याने विचारलं, घरी सध्या कोण कोण असतं. मी म्हटलं, मी. तो म्हणाला, मग आता धोका नाही.

या वाक्याचा अर्थ नीट कळला नाही. तरुण मुलगा आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार.

फुमिएला आनंदाची बातमी दिली. म्हटलं, टेपरेकॉर्डर सापडला. पलीकडे इतकी शांतता की मला वाटलं लाइन गेली, पण कविता तर सुरूच केली नव्हती. मग तिने विचारलं, सगळं सापडलं? मी म्हटलं, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. दगडसुद्धा. ती म्हणाली, दगडसुद्धा. मग म्हणाली, अठ्ठावीसला येते, तेव्हा बोलू.

आनंदाने तिला पुढे बोलता येईना.

२२ फेब्रुवारी.

पाणी परत आलं. कालवा भरताना एक आवाज येतो, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा. (निसर्गवर्णन. राहू दे.)

परवा टेस्ट. आवाजासाठी मधाचं पाणी. बांबूचा सराव केला नाही. मुख्य भाग आवाजाचा आहे.

२४ फेब्रुवारी. दुपारी चार.

टेस्ट झाली. सविस्तर लिहायला हवं, म्हणजे गैरसमज राहणार नाहीत.

नागासाकीहून आलेली सात निवृत्त माणसं, स्वेच्छेने बसलेली. होरिए पुढे. मी मागे, निळा कोट, बांबूची टोपी. पहिले दोनशे मीटर उत्कृष्ट. एका बदकाला बाजूला व्हावं लागलं, पण त्याची चूक होती. मग पहिला पूल आला. नेमक्या वेळी, खणखणीत आवाजात मी सुरू केलं: वाक विलो रे, वाक जरासा. कवितेत 'वाक' दोनदा येतं. माणसांनी वाकावं याहून स्पष्ट सूचना कोणती?

सातपैकी पाच वाकले. सहाव्याची टोपी गेली. सातवे गृहस्थ, बँकेतून निवृत्त, कविता ऐकायला मान वर करून बसले होते. मला मिळालेले सर्वोत्तम श्रोते. कपाळाला टेंगूळ.

होरिए धक्क्यावर म्हणाला, सर, तुम्ही 'डोकी खाली' म्हणाला नाहीत. मी म्हटलं, त्याहून सुंदर शब्दांत म्हटलं. तो म्हणाला, टेंगूळ सुंदर शब्दांनीच आलंय.

निकाल: नापास हा शब्द त्याने वापरला नाही. म्हणाला, तूर्त शेगड्या सांभाळा. म्हणजे बोटीत निखारे भरणे, गोधड्या झटकणे, टोप्या वाटणे. थोडक्यात ऊब विभाग पूर्णपणे माझ्याकडे.

२५ फेब्रुवारी.

ऊब विभाग. अकरा बोटी. हाताला एक फोड. टोप्या वाटताना प्रत्येक प्रवाशाला एक ओळ द्यायची असं ठरवलं होतं. रांग लांब झाली. होरिए म्हणाला, सर, ओळ नको, टोपी द्या.

तीन दिवस राहिले. फुमिएला मी निखारे फुंकताना दिसणार. या कल्पनेने जेवण गेलं नाही. उमेझाकी आजींनी भिंतीवरून बशीत मुळा दिला.

२७ फेब्रुवारी.

होरिए स्वतः घरी आला. दाराशीच उभा राहिला, विद्यार्थ्यासारखा. म्हणाला, उद्या दुपारी एक बोट रिकामी आहे. काकूंना तुम्ही न्या. मी पुढे बसेन, दुसरा बांबू घेऊन.

मी म्हटलं, माझी तयारी लक्षात आलेली दिसते. तो म्हणाला, तयारीचं नाही सर. मी कॉरिडॉरमध्ये उभा असायचो तेव्हा काकू तुमचा डबा घेऊन यायच्या. मला गुपचूप एक संत्रं द्यायच्या आणि म्हणायच्या, मलाही ती पाठ होत नाही, कोणाला सांगू नकोस.

फुमिए विनोदी होती, हे मी विसरलो होतो.

होरिएच्या अटी: एक, कविता नाही. दोन, पुलाआधी 'डोकी खाली', एवढे दोनच शब्द. तीन, बांबू अडकला तर बांबू सोडायचा, बोट सोडायची नाही. साफसफाईने गाळ मोकळा झालाय, खोल रुततो. जाता जाता म्हणाला, आणि मधल्या वेळात त्यांना बोलू द्या, सर.

मी म्हटलं, फुमिए फारशी बोलणारी नाही. तो म्हणाला, बघा तर.

तिन्ही अटी मान्य केल्या. संकल्प: संपूर्ण मौन. मौनालाही एक लय असते. त्यावर चार ओळी केल्या.

२८ फेब्रुवारी. सकाळी सात.

दाढी केली. निळा कोट इस्त्री केला, एक बाही जरा जास्तच, करपली. कॅसेट पेटीत भरून कपाटावर. जांभळं कापड धुऊन घडी करून ठेवलं, तिचंच आहे, बरं वाटेल तिला.

आज ती येईल आणि राहील. मला आतून माहीत आहे. नाही राहिली तर. (हे वाक्य पुढे लिहायची गरज नाही.)

२८ फेब्रुवारी. सायंकाळी पाच. कंपनीच्या शेगडीशी, कपडे वाळवत.

एकूण विचार करता यशस्वी.

घटनाक्रम. फुमिए एकच्या सुमारास धक्क्यावर आली. राखाडी कोट. केस कापलेत. बॅग लहान. बोटीत बसताना मी हात दिला, तिने होरिएचा घेतला, तो जवळ होता. गोधडी गुडघ्यांवर घेतली आणि म्हणाली, ऊबदार आहे. मी म्हटलं, निखारे मी भरले. एवढंच. मौन.

पहिला पूल. मी म्हटलं, डोकी खाली. दोन शब्द. फुमिए वाकली. पुलाखालच्या अंधारात ती हसल्याचं ऐकू आलं. म्हणाली, गावाची मागची बाजू किती वेगळी दिसते हो. सगळ्यांची धुणी दिसतात.

दुसरा पूल. डोकी खाली. पुन्हा मौन. मी इतका चांगला नावाडी कधीच नव्हतो.

मग फुमिए माझ्याकडे न बघता बोलायला लागली. होरिए बदकं बघत होता. ती म्हणाली, टेपरेकॉर्डर मी टाकला.

मी बांबू रेटला.

ती म्हणाली, पाणी परत सोडलं त्याच दिवशी टाकला, म्हणजे पुढचं पाणी उतरेपर्यंत जवळजवळ वर्ष मिळेल. एक वर्ष शांत जेवावं असं वाटलं. तर तुम्ही त्याच संध्याकाळपासून जेवताना स्वतःच म्हणायला लागलात. मला हसूही आलं. मग पाऊस गेला, विलो झडले, आणि मी पाण्याकडे बघणं टाळायला लागले. चिहारूने बोलावलं तेव्हा पाणी उतरायच्या आत निघाले.

मी काही बोललो नाही. अटच होती.

ती म्हणाली, तुम्ही रागवाल याची भीती नव्हती मला. तुम्ही चोर शोधत बसाल, याची होती.

हे वाक्य चाललं असतानाच तिसरा पूल आला. तिचा आवाज ओला झाला होता. अशा क्षणी माणसाला आधार लागतो. मी तिला आधार द्यायचं ठरवलं. कवितेने. पूल सर्वांत मोठा, आवाज सर्वांत जास्त घुमणारा. वाक विलो रे, वाक जरासा. आवाज अप्रतिम लागला. इतका चांगला कधीच लागला नव्हता.

बांबू रुतला. होरिए ओरडला, सर, बांबू सोडा. पण मी दुसऱ्या ओळीच्या मध्यावर होतो, आणि हात त्या वेळी बांबूवर होते. बोट पायाखालून पुढे गेली. मी बांबूवर राहिलो. बांबू आधी सरळ उभा होता, मग सावकाश कलला. 'कुणी निघाले' ही ओळ मला पूर्ण म्हणता आली.

पाणी छातीपर्यंत. जानेवारीतली तपासणी अचूक होती.

फुमिए वळून बघत होती. घाबरलेली नव्हती. मी पोहत नाही हे तिला माहीत आहे, आणि तिथे उभं राहता येतं हेही दिसत होतं. होरिएने दुसरा बांबू काढला. मागून दुसरी बोट येत होती, त्यामुळे त्याला थांबता आलं नाही. वळणावर ते दिसेनासे झाले. मागच्या बोटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

२८ फेब्रुवारी. सायंकाळी सात.

घरी आलो तेव्हा ती येऊन गेली होती. माळा नेल्या. जांभळं कापड नेलं नाही. चिठ्ठी: कोरडे कपडे तिसऱ्या खणात आहेत. भात लावला आहे. शेवटपर्यंत बोटीतून गेले, फार छान वाटलं.

फार छान वाटलं, असं तिने स्वतः लिहिलं आहे.

१ मार्च.

सर्दी. ताप थोडा. अंथरुणातून विचार.

कबुली पुन्हा तपासली. पटत नाही. फुमिए नाजूक बांध्याची बाई. एक्केचाळीस कॅसेट, टेपरेकॉर्डर आणि तो दगड घेऊन ती कालव्यापर्यंत जाणं अशक्य. तिने चोराला वाचवण्यासाठी आळ स्वतःवर घेतला. चोर बहुधा गरीब बाई असणार, कुठल्यातरी वाईट घरातली. फुमिएचं मन मोठं आहे. तिला तसं कळवलं पाहिजे.

उमेझाकी आजी पेज घेऊन आल्या. त्यांना हा तर्क सांगितला. त्यांनी वाटी ठेवली. म्हणाल्या, मास्तर, ते गाठोडं तिने तुमच्या शाळेच्या सायकलवरून मागच्या दारापर्यंत नेलं. मी खिडकीतून बघत होते. टाकल्यावर बराच वेळ पायरीवर बसली होती. मी तिला चहाला बोलावलं, तर म्हणाली, थोडं ऐकत बसते. मी म्हटलं, काय ऐकतेस. ती म्हणाली, काहीच नाही, तेच ऐकते.

पेज थंड झाली.

२ मार्च.

काही लिहिण्यासारखं नाही.

४ मार्च.

चोर नव्हता.

५ मार्च, रविवार.

ऊब विभाग. नऊ बोटी. टोप्या दिल्या, नुसत्या. होरिएने विचारलं, सर, बरं आहे ना. मी म्हटलं, बरं आहे. तो थांबला, आणखी काहीतरी येईल म्हणून. मग बोटीवर गेला.

फोनची वेळ झाली, केला नाही. काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. आजवर ठरवावं लागलं नव्हतं, तोंडाला येतच होतं.

८ मार्च. सकाळी दहा.

फुमिएचा फोन आला. तिने स्वतः केलेला, नोव्हेंबरपासून पहिला.

म्हणाली, शिवणाचं मशीन पाठवाल का, कुरियरने. तिथे जवळच बायकांना शिवण शिकवायला लागली आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी. मी म्हटलं, पाठवतो. राहणार का, हे विचारायचं होतं. मशीन मागितल्यावर विचारण्यासारखं राहिलं नव्हतं.

मी गप्प बसलो, म्हणून असेल, ती बोलत राहिली. नातीला खाली दोन दात आलेत. चिहारूच्या खिडकीतून ट्राम दिसते, संध्याकाळी तिचे दिवे एकदम लागतात. वर्गात एक बाई आहे, तिला सरळ टीप येत नाही, पण ती इतकं बोलते की सगळ्यांचा वेळ जातो. ईलची कातडी तिला कधीच आवडली नाही, सेहेचाळीस वर्षं ती माझ्या ताटात सरकवायची. मी तो लाड समजत होतो. बोटीत बसून तिला तिच्या वडिलांची आठवण आली. तिचे वडील भाजीची होडी चालवायचे. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तिने सांगितलं असणार, कधीतरी, जेवताना.

मध्ये एक ओळ आठवली, वडिलांच्या गोष्टीला चपखल बसणारी. म्हटली नाही.

मग तिकडून आवाज आला, अहो, ऐकताय ना? लाइनवर आहात ना?

मी हो म्हटलं.

कुरियरवाला उद्या दहाला येणार. सुई आधी काढायची, कापसात गुंडाळून वेगळी पाठवायची. चाकाला दोरी बांधायची, नाहीतर वाटेत फिरत राहतं. सगळं लिहून घेतलं.